गड, कातळ आणि जुने वाडे: पॅनोरामा छायाचित्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या डोंगरांत पॅनोरामा, म्हणजे अनेक फोटो शेजारी शेजारी जोडून केलेला रुंद फोटो, काढणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांसाठी ती आहेत, तशीच ट्रायपॉड पाठीवर घेऊन गड चढणाऱ्यांसाठीही. नव्याने सुरुवात करत असाल तर सुरुवातीचे प्रश्न क्रमाने वाचा, बाकीचे लागतील तसे.

कोणतं दृश्य पॅनोरामासाठी योग्य?

गडमाथ्यावर पोचलं की बहुतेक जण गोल फिरून सगळंच टिपतात. त्या फोटोत सगळं येतं, पण नजर कुठेच ठरत नाही. सिंहगडाच्या दक्षिण कडेवर उभं राहिलं की डावीकडे पुरंदर, उजवीकडे तोरणा आणि मध्ये सुमारे १२० अंशांचा पल्ला दिसतो. प्रत्यक्ष बघताना तो भव्य वाटतो, कारण डोळा एकेका डोंगरावर थांबत पुढे जातो. हाच पल्ला वाइड लेन्सने घेतला तर राजगड आणि तोरणा नखाएवढे होतात आणि फोटोचा निम्मा भाग रिकामं आकाश खातं.

पण राजगड आणि तोरणा सिंहगडावरून बघताना एकमेकांपासून जेमतेम २५ अंशांवर आहेत. ८५ मिमी किंवा त्याहून लांब लेन्स लावा, कॅमेरा उभा धरा आणि तीन-चार फ्रेममध्ये फक्त ही जोडी घ्या. राजगडाचा बालेकिल्ला, तोरण्याची लांबलचक धार आणि मधली दरी अशी भरून दिसते की मोठा प्रिंट काढावासा वाटतो. माझ्या मते सिंहगडावरचा सगळ्यात चांगला पॅनोरामा हा अरुंद पॅनोरामाच आहे.

म्हणून आधी विषय ठरवा, मग तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा. दोन्ही टोकांना नजर अडवणारं काहीतरी हवं: एखादा बुरूज, झाड, कड्याची धार. टोकं मोकळी सोडली की नजर फोटोबाहेर घरंगळते.

मोबाइलचा पॅनोरामा मोड पुरेसा आहे का?

दूरच्या डोंगरांसाठी हो. मोबाइल फिरवत असताना तो अरुंद उभ्या पट्ट्या टिपतो आणि जागच्या जागी जोडतो. मोबाइल उभा धरा, म्हणजे वर-खाली जास्त भाग येतो. सुरू करण्याआधी दृश्यातल्या मध्यम उजेडाच्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा. कोपर अंगाला चिकटवा. हात लांब करून स्वतःभोवती फिरू नका. मोबाइल जागच्या जागी राहील आणि तुम्ही त्याच्याभोवती सरकाल, असं बघा.

जवळच्या वास्तूसाठी हा मोड वापरू नये. वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर तो चौकट मोडून दाखवतो, खांब तुटतात, कमानी लाटेसारख्या होतात. तिथे मोबाइलनेच वेगवेगळे फोटो काढा आणि घरी सॉफ्टवेअरने जोडा. निकालात खूप फरक पडतो.

कॅमेरा उभा धरायचा की आडवा?

उभा. फ्रेम जास्त लागतात, पण आकाश आणि पायाखालची जमीन दोन्ही मिळतात आणि कापायला जागा राहते.

किती फ्रेम लागतात आणि एकमेकींवर किती चढवायच्या?

प्रत्येक फ्रेममधला २५ ते ३० टक्के भाग पुढच्या फ्रेममध्ये यायला हवा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स उभ्या कॅमेऱ्यात साधारण ५३ अंश रुंदी बघते. ओव्हरलॅप वजा केला तर प्रत्येक पावलाला ३७ अंश मिळतात, म्हणजे पूर्ण फेरीला १० फ्रेम. ५० मिमी लेन्सची रुंदी २७ अंश, त्यामुळे १८० अंशांसाठी तितक्याच फ्रेम लागतात. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याच्या १८ मिमी किट लेन्सला पूर्ण फेरीसाठी ११ फ्रेम धरा.

दोन फ्रेम जास्त काढल्याने काही बिघडत नाही, कमी पडली तर मात्र परत गड चढावा लागतो. शिवाय विषयाच्या दोन्ही बाजूंना एकेक फ्रेम जास्तीची घ्या. जोडणीनंतर कडा वाकड्यातिकड्या येतात आणि कापाव्या लागतात.

कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवायची?

सगळं मॅन्युअल. एक्स्पोजर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि फोकस पहिल्या फ्रेमआधी ठरवायचे आणि शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. ऑटोवर ठेवलं तर सूर्याकडची फ्रेम काळवंडते, पाठीकडची फिकी होते आणि आकाशात पट्टे पडतात. पल्ल्यातला सगळ्यात उजळ भाग बघा आणि तो जळणार नाही असं एक्स्पोजर लावा.

फोकसचं गणित सोपं आहे. फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) असेल तर अडीच मीटरवर फोकस केल्यावर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं.

पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारं फिल्टर) काढून ठेवा. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे रुंद पॅनोरामात मधोमध गडद निळा डाग उमटतो. तो नंतर नीट काढता येत नाही.

ट्रायपॉड आणि पॅनोरामा हेड खरंच लागतं का?

नजरेच्या टप्प्यातली सगळ्यात जवळची वस्तू २०-२५ मीटरच्या पलीकडे असेल तर हातातला कॅमेरा चालतो. टेकडीवरून दिसणारं शहर, खडकवासल्याचा जलाशय, समोरची डोंगररांग यांना ट्रायपॉडची गरज नाही.

जवळ काही आलं की मामला बदलतो. एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसेल. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. कॅमेरा फिरवताना लेन्स जागेवरून सरकली की खांब आणि त्यामागची भिंत यांच्यात असंच होतं, आणि सॉफ्टवेअरला दोन्ही एकाच वेळी जुळवता येत नाहीत. म्हणून कॅमेरा लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवावा लागतो. ट्रायपॉडवर बसवायचं पॅनोरामा हेड त्यासाठीच लागतं. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर तो लेन्सच्या प्रवेश छिद्राचा मध्य असतो.

तो शोधायला गच्ची पुरते. कॅमेऱ्यापासून एक मीटरवर दोरी टांगा आणि ती दूरच्या विजेच्या खांबाशी एका रेषेत येईल असा कॅमेरा लावा. आता कॅमेरा डावीकडे-उजवीकडे फिरवा. दोरी खांबापासून सरकत असेल तर कॅमेरा हेडच्या पट्टीवर मागेपुढे करा. फिरवूनही दोघं एकमेकांना चिकटून राहिले की बिंदू सापडला. पट्टीवर खूण करून ठेवा. झूम लेन्सला प्रत्येक फोकल लेंग्थसाठी खूण वेगळी येते.

क्षितिज केळ्यासारखं वाकतं, ते का?

कॅमेरा वर किंवा खाली कलला होता म्हणून. फिरण्याचा अक्ष सरळ उभा असला पाहिजे. ट्रायपॉडच्या पायांवरचा बुडबुडा बघून भागत नाही. हेड पूर्ण फिरवून प्रत्येक दिशेला पातळी तपासा.

सह्याद्रीत ही चूक लगेच उघडी पडते. इथला कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या एकावर एक पसरत गेलेल्या थरांनी बनला. आपल्याकडच्या डोंगरांवर जे आडवे पट्टे आणि पायऱ्या दिसतात, ते हेच थर. लोहगडाहून विसापूर बघा, वेताळ टेकडीवरची जुनी दगडखाण बघा, थर बऱ्यापैकी आडवेच असतात. कॅमेरा कलला की हे पट्टे फोटोभर कमान धरतात. डोंगराची ठेवण माहीत असलेल्या माणसाला तो फोटो खोटा वाटतो.

काळा कातळ फोटोत एकतर राखाडी येतो, नाहीतर नुसता काळा. काय करावं?

हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, गडद असतो. कॅमेऱ्याचा मीटर त्याला मध्यम राखाडी समजतो, एक्स्पोजर वाढवतो आणि दगड धुतल्यासारखा दिसतो. उलट आकाशाकडे बघून एक्स्पोजर लावलं तर दगडातले बारकावे जातात. ढगाळ दिवशी एकाच एक्स्पोजरमध्ये रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फोटोवर) काम होतं. उन्हात प्रत्येक दिशेला तीन फोटो घ्या: एक मधला, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड). आधी तिन्ही एकत्र करून मग जोडा किंवा सॉफ्टवेअरला दोन्ही एकदम करू द्या.

मला स्वतःला कातळासाठी तिरपं ऊन आवडतं. सकाळी पहिल्या तासात किंवा संध्याकाळी शेवटच्या तासात दगडाचा पोत उठून येतो आणि थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्याही दिसतात. भर दुपारी तोच कडा सपाट भिंत वाटतो.

कातळाची वेगवेगळी रूपं कुठे टिपता येतील?

घाटमाथ्याचे कडे बहुतेक पश्चिमेला कोकणात उतरतात, म्हणून ते दुपारनंतर उजळतात. नाणेघाटात जायचं तर सकाळी सातवाहनांचा शिलालेख असलेलं लेणं निवांत बघून घ्या. कॅमेरा दुपारी चारनंतर बाहेर काढा. नानाचा अंगठा, जीवधन आणि त्याच्या बाजूचा वानरलिंगी सुळका तेव्हा उन्हात असतात.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पुणे जिल्ह्याबाहेर आहे, पण पुण्याहून जाणारे इतके आहेत की त्याबद्दल लिहायलाच हवं. बहुतेक जण कड्याच्या मधोमध उभे राहून १८० अंश घेतात. त्यात कड्याची अर्धगोल वाटी उलगडून जवळजवळ सरळ रेषा होते, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच हरवतं. एका टोकाकडे जा आणि तिथून समोरची बाजू साठ-सत्तर अंशांत घ्या. बाक दिसतो, खोली दिसते, पोटात गेलेला कडा दिसतो.

तैलबैलाच्या दोन भिंतींसाठी उभा पॅनोरामा करा. कॅमेरा आडवा धरून खालून वर तीन फ्रेम, असे दोन-तीन स्तंभ. भिंतींमधली खिंड मधोमध येऊ नये, थोडी बाजूला ठेवावी.

राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून काढलेला फोटो सगळ्यांना हवा असतो. तिथे कातळ हाताच्या अंतरावर आणि समोरचे डोंगर मैलोन्‌मैल दूर, त्यामुळे पॅनोरामा हेडशिवाय जोडणी जमत नाही. वाराही जोराचा असतो, ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवा.

निघोजचे रांजणखळगे हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात समाधान देणारा विषय. कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गरगर फिरत राहिले आणि त्यांनी बेसॉल्टमध्ये हे खोल रांजण कोरले. पाणी कमी असताना, उन्हाळ्यात जा. एक खळगा पायाशी, दुसरा पन्नास मीटरवर अशी रचना असते, म्हणून नोडल पॉइंट अचूक हवा. खळग्यांत सावली भरते, तेव्हा वर सांगितलेले तीन एक्स्पोजर इथे घ्याच. कडा गुळगुळीत आणि निसरड्या असतात, ट्रायपॉड लावण्याआधी स्वतःचे पाय कुठे ठेवणार ते ठरवा.

कोणत्या महिन्यात जावं?

दूरच्या रांगांसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे पहिले आठवडे. हवा धुतलेली असते आणि गवत अजून हिरवं असतं. पुरंदर ते तोरणा हा सिंहगडाचा पल्ला ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सकाळी घ्यावा, तेव्हा सूर्य पुरंदरच्या डावीकडे, फ्रेमबाहेर उगवतो आणि प्रकाश बाजूने येतो. डिसेंबर संपताना सूर्य जवळपास पुरंदरच्याच दिशेने वर येतो आणि तोरण्याच्या जरा उजवीकडे मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा तो पल्ल्याच्या टोकाशी असतो. थंडीतल्या सकाळी शहरावर धुराची आणि धुक्याची चादरही पडलेली असते. टेकडीवरून पुणे घ्यायचं असेल तर त्या दिवसांत संध्याकाळ बरी.

कातळाचे थर बघायचे असतील तर फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण दगड हिरवाईखाली जातो. शिवाय ढग इतके भराभर सरकतात की शेजारच्या दोन फ्रेममधलं आकाश जुळत नाही.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा नेहमी सावलीतच का येतो?

दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि दरवाजाच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडत नाही. मार्च उलटल्यावर सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येऊ लागतं. एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयानंतरचा तास उत्तम असतो. दारांवरचे अणकुचीदार खिळे आणि बुरुजांचे दगड तेव्हा उठून दिसतात. एरवी पूर्ण ढगाळ दिवस निवडा. निळ्या आकाशाखाली सावलीतला दरवाजा घेऊन नंतर उजळ करण्यात वेळ घालवू नका.

समोरच्या पटांगणात हवं तितकं मागे जाता येतं. जितकं मागे जाल तितके बुरूज कमी ताणले जातील. आत मात्र १८२८ च्या आगीनंतर जोती आणि कारंजी उरली आहेत. ती जमिनीवरून घेतली तर नुसती बाग दिसते. दरवाजावरच्या नगारखान्यातून खाली बघत घेतलेला पॅनोरामा १७३२ मध्ये बांधून झालेल्या वाड्याची आखणी नकाशासारखी दाखवतो.

विश्रामबागवाड्यासमोर मागे सरायला जागाच नाही. मग?

दोन वाटा आहेत. समोरच्या पदपथावर एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवा आणि भिंत सरळ ठेवणारं प्रक्षेपण (जोडलेलं दृश्य सपाट करण्याची पद्धत) वापरा. टोकं ताणली जातात, पण शंभर अंशांच्या आत असाल तर डोळ्याला खटकत नाही. दुसरी वाट म्हणजे पदपथावरून चालत, भिंतीला समांतर राहून, दर दोन-तीन पावलांवर एक फोटो घेणं. सपाट भिंतीवर हे छान जुळतं. वाड्याच्या पुढे आलेल्या लाकडी सज्ज्यापाशी मात्र सज्जा आणि मागची भिंत यांचं जुळत नाही. तिथे ओव्हरलॅप ६०-७० टक्के ठेवा आणि जोड खांबाच्या कडेवर येईल असं बघा.

रविवारी सकाळी सूर्योदयाच्या सुमाराला जा. बाजीराव रस्ता तेव्हाच मोकळा मिळतो. वरच्या तारा येणारच, त्या पुसू नका. आजचा रस्ता आज जसा आहे तसा नोंदला गेला पाहिजे.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचा कोरीव दर्शनी भागही असाच दाटीत आहे. तिथे फ्रेम आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी घ्याव्या लागतात, तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत चार-पाच फोटो. कोरीवकाम इतकं दाट आहे की ती मेहनत वाया जात नाही.

सरळ भिंती फुगलेल्या दिसतात, त्या कशा सुधारायच्या?

गोल दृश्य सपाट कागदावर आणताना कुठेतरी तडजोड होतेच. कोणती करायची ते प्रक्षेपण ठरवतं. रेक्टिलिनियर सगळ्या सरळ रेषा सरळ ठेवतं, पण १०० ते १२० अंशांपुढे कडा भयंकर ताणतं. सिलिंड्रिकल उभ्या रेषा सरळ ठेवतं आणि आडव्या वाकवतं, म्हणून डोंगरांसाठी ते उत्तम आणि वाड्याच्या लांब भिंतीसाठी वाईट. पानिनी या दोघांच्या मधलं आहे. रस्त्यांची, चौकांची आणि मोठ्या दालनांची रुंद दृश्यं त्यात नैसर्गिक वाटतात. वास्तूसाठी मी आधी पानिनीच लावून बघतो.

उभ्या रेषा आत झुकत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये एकाच खांबावर वर आणि खाली दोन बिंदू देऊन तो उभा असल्याचं सांगा. असे तीन-चार खांब दिले की वास्तू सरळ उभी राहते.

लेण्यांच्या आत पॅनोरामा जमतो का?

जमतो, पण उजेडाची वेळ साधावी लागते. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतर मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत येतो. बेडसे पूर्वाभिमुख, म्हणून तिथे सकाळ. कार्ल्यात छताच्या लाकडी तुळया जुन्या काळापासून टिकून आहेत. त्या आणि जमीन एकाच फोटोत हव्या असतील तर उभा पॅनोरामा करा, रांगेतल्या खांबांची उंची त्यातच कळते. फ्लॅश वापरू नका. एकवीरा आईचं देऊळ चैत्याला लागूनच असल्याने यात्रेच्या दिवसांत निवांत जागा मिळत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराचा गोल नंदीमंडप रुंद पॅनोरामात सपाट होतो. तो एकाच साध्या फ्रेममध्ये घ्या आणि पॅनोरामा आतल्या खांबांच्या ओळींसाठी राखून ठेवा. तिथे रोज पूजा होते. दर्शनाला आलेल्यांच्या वाटेत ट्रायपॉड उभा करू नये.

जोडणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

हगिन मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या पॅनोरामा टूल्सवर उभं आहे. सुरुवातीला त्यातले पर्याय बघून बिचकायला होतं, पण शिकायला हेच चांगलं, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते. पीटीगुई विकत घ्यावं लागतं. बहुओळी आणि ३६० अंशांच्या कामात त्याला तोड नाही. लाइटरूम असेल तर साध्या एकओळी डोंगरांसाठी त्यातला पॅनोरामा मर्ज पुरतो आणि जोडलेली फाइलही रॉसारखीच हाताळता येते.

फोटोत अर्धी माणसं, दोन डोक्यांची गाय येते. उपाय?

दोन फ्रेमच्या जोडावर काहीतरी हललं की असं होतं. तिथे तीच फ्रेम थोड्या थोड्या वेळाने दोनतीनदा घ्या. जोडताना मास्क (फ्रेममधला नको तो भाग झाकण्याची सोय) वापरून कोणत्या फ्रेममधला माणूस ठेवायचा ते सांगा.

गर्दीच विषय असेल तर क्रम आणि वेग महत्त्वाचा. दिवे घाटात माउलींची पालखी चढताना वळणावळणाचा रस्ता वारकऱ्यांनी भरलेला असतो. ती फेरी काही सेकंदांत पूर्ण करा, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि जोड दोन दिंड्यांमधल्या मोकळ्या जागेत पाडा. लोक ज्या दिशेने चालले आहेत त्याच्या उलट दिशेने कॅमेरा फिरवा, म्हणजे तोच वारकरी पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा येत नाही.

पूर्ण ३६० अंशांचा गोल फोटो कसा दाखवायचा?

जोडणी २:१ प्रमाणाच्या इक्विरेक्टँग्युलर फाइलमध्ये (पूर्ण गोल दृश्य आयतात उलगडणाऱ्या) करा. वर आकाशाचा आणि खाली पायांचा फोटो वेगळा घ्यावा लागतो. पॅनेलम नावाचा मोफत व्ह्यूअर अशी फाइल वेबपानावर फिरवून दाखवतो. ३६० चा खरा उपयोग बंदिस्त जागांत आहे: वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, लेण्याचा विहार. उघड्या माथ्यावर त्यात बहुतेक आकाशच येतं.

परवानगी लागते का? आणि ड्रोन?

शनिवारवाडा, पाताळेश्वर, कार्ले, भाजे, लोहगड ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली स्मारकं आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, ट्रायपॉडसाठी मात्र आधी परवानगी घ्यावी लागते. लोहगड, राजगड आणि शिवनेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे तिथे नियम पाळण्याकडे जास्त लक्ष असणं स्वाभाविक आहे. खासगी वाड्यात मालकांना आणि भाडेकरूंना, दोघांनाही विचारा. काढलेला फोटो त्यांना छापून द्या.

ड्रोनबद्दल सावध राहा. २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन नकाशा बघितल्याशिवाय आणि स्मारकाची वेगळी परवानगी असल्याशिवाय ड्रोन उडवू नका.

कड्यांवर काय काळजी घ्यावी?

डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाऊल उचलायचं नाही, मागे तर मुळीच नाही. कॅमेरा फिरवण्याआधी पायाखालची जागा पूर्ण गोल बघून घ्या. लोहगडाच्या विंचूकाट्यावर किंवा राजगडाच्या माच्यांवर एकट्याने काम करत असाल तर तटापासून एक माणूसभर आत राहा. तेवढ्याने दृश्यात फरक पडत नाही.

कड्यांना आणि लेण्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर सामान तिथेच सोडून लांब जा.

किती मोठा प्रिंट निघतो?

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने उभ्या सात फ्रेम जोडल्या की सुमारे २०,००० पिक्सेल रुंद आणि कापल्यानंतर ५,००० पिक्सेल उंच फाइल मिळते. २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) तो प्रिंट आठ फुटांपेक्षा थोडा लांब आणि दोन फूट उंच होतो. भिंतीवर लावून दोन पावलांवरून बघायला ही गुणवत्ता पुरेशी आहे. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर एवढ्या लांबीत खिडकीचं प्रतिबिंब येतंच.

पेठांमधले जुने वाडे पाडले जात आहेत. त्यांची नोंद म्हणून पॅनोरामा काढायचे असतील तर?

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे परत जायची संधी मिळत नाही. अनेक तुकड्यांचं दृश्य नोंद म्हणून वापरण्याची परंपरा जुनी आहे. छायाचित्रकार फेलिस बियातोने १८५८ मध्ये लखनौचा पॅनोरामा काचेच्या अनेक निगेटिव्हवरचे फोटो जोडून केला आणि त्या वेळचं शहर आज त्यातून वाचता येतं.

वाड्यासाठी किमान चार पॅनोरामा करा: रस्त्यावरून दर्शनी भाग, चौकाच्या मध्यातून पूर्ण ३६०, माजघर किंवा दिवाणखाना, आणि मागचं परसू, विहीर किंवा हौद. चौकात एक मोजपट्टी किंवा एक मीटरची काठी फ्रेममध्ये ठेवा, म्हणजे पुढे मापं काढता येतील. उभं राहिलेली जागा कागदावर आराखडा काढून दाखवा, बाणाने उत्तर दिशा लिहा, तारीख आणि वेळ टाका. घरच्या वडीलधाऱ्यांना कोणत्या खोलीला काय म्हणत ते विचारा आणि तेच शब्द लिहून ठेवा.

जोडलेल्या फोटोबरोबर मूळ फ्रेमही जपा. सॉफ्टवेअर सुधारत जातं. आज न जुळलेला सज्जा पुढे जुळू शकतो, पण त्यासाठी मूळ फाइल हवी. फोल्डरला पेठ, वाड्याचं नाव आणि तारीख द्या. एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक प्रत त्या घरच्या लोकांना द्या.